लोखंडी चायनीज कढई: अंड्याच्या पदार्थांसाठी सात महिने वापरल्यानंतरचा अभिप्राय

आमच्या घरी शनिवारी रात्री नेहमीचा स्वयंपाक होत नाही, चायनीज असते. ही पद्धत मुले लहान असल्यापासूनची आहे आणि त्यात अंडे असलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह आहे. दोन फुल एग फ्राईड राईस आणि एक फुल एग हक्का नूडल्स एवढ्यात आमचे चौघांचे भागते. पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमच्या कोपऱ्यावरच्या गाडीवर फुल प्लेट १२० रुपयांना मिळते. तीच ॲपवरून मागवली तर डबा, पोहोचवण्याचा आकार आणि कर धरून २०० च्या पुढे जाते. हा पदार्थ घरी करण्याचा प्रयत्न मी गेल्या काही वर्षांत अनेकदा केला. सॉस बदलले, तांदूळ बदलला, भाज्या आणखी बारीक चिरून पाहिल्या, तरी ताटात जे यायचे त्याला मुलीने एकदा फार नेमके नाव दिले: "आई, हा सोया सॉस घातलेला फोडणीचा भात आहे."

ते मला लागले, कारण ते खरे होते. फोडणीचा भात मला मनापासून आवडतो, पण तो वाफेवर मऊ होणारा पदार्थ आहे. माझ्या फ्राईड राईसमध्ये अंडे भुर्जीसारखे ओलसर होऊन शितांना चिकटायचे, कोबी मलूल व्हायचा आणि खाली पाणी सुटायचे. गाडीवरच्या भातात शीत न् शीत सुटे असते, अंड्याचे तुकडे फुगलेले आणि कडेने तांबूस असतात, कोबी दाताखाली कुरकुरतो, आणि या सगळ्याला भाजल्याचा एक हलका वास असतो. हा फरक सॉसचा नसून मुख्यतः भांड्याचा आणि आचेचा आहे, हे मला सात महिन्यांपूर्वी पटले. म्हणून हा अभिप्राय भांड्याविषयी आहे: लोखंडी पत्र्याची, गोल बुडाची, एका लांब दांड्याची चायनीज कढई.

त्याआधी माझ्याकडे नॉनस्टिक कढई होती. एका कंपनीची ती कढई खास चायनीज पदार्थांसाठी म्हणून विकली जात होती आणि खोक्यावर ज्वाळांत उसळणाऱ्या नूडल्सचे चित्र होते. चौदा महिन्यांत तिच्या तळाचा थर सोलवटला. तक्रार केल्यावर "भांडे मोठ्या आचेवर वापरले आहे, त्यामुळे हमी लागू होत नाही" असे उत्तर आले. उत्तर शास्त्राला धरून होते. नॉनस्टिकवर पीटीएफईचा जो थर असतो तो साधारण २६० अंश सेल्सियसच्या पुढे तापवू नये असे सांगतात, आणि रिकामे भांडे मोठ्या शेगडीवर ठेवले तर ती मर्यादा काही मिनिटांतच ओलांडली जाते. पण मग खोक्यावर ज्वाळांचे चित्र छापायला नको होते. ज्या पदार्थाचा जीवच कडक आचेत आहे, तो पदार्थ आच न सोसणाऱ्या भांड्यात करायला लावणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोखंडी कढई मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून घेतली. तेथे एकाच दुकानात तीन प्रकार पाहायला मिळाले: ॲल्युमिनियमची जाड कढई, बिडाची कढई आणि लोखंडी पत्र्याची. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते उष्णता धरून ठेवते, पण तापायला वेळ लागतो आणि वजन इतके असते की एका हाताने उचलून भात उडवणे शक्य नाही. पत्र्याची कढई पातळ असल्याने लगेच तापते आणि आच कमी केली की लगेच निवते. दुकानाच्या मालकांनी मला विचारले, "ताई, घरच्या गॅसवर वापरणार की भट्टीवर?" घरच्या गॅसवर, असे म्हटल्यावर त्यांनी १६ इंची कढई माझ्या हातातून काढून घेतली आणि १३ इंची पुढे केली. "मोठी घेतलीत तर मधोमध तापेल आणि कडा गार राहतील. घरच्या बर्नरला एवढीच पुरे." अधिक किमतीची वस्तू बाजूला ठेवून योग्य वस्तू देणारा दुकानदार भेटणे हे मला त्या दिवशी फार मोलाचे वाटले. कढई ९५० रुपयांना आणि लांब दांड्याचा लोखंडी झारा १८० रुपयांना पडला. घरी आल्यावर वजन केले तर कढई दीड किलोच्या आसपास भरली. पत्रा सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा आहे, दांडा पोकळ लोखंडी असून टोकाला लाकडी मूठ आहे.

नवी कढई तशीच वापरता येत नाही, आणि या वस्तूविषयी बहुतेकांची निराशा येथेच होते. पत्रा गंजू नये म्हणून कारखान्यात त्यावर तेलाचा संरक्षक लेप दिलेला असतो. तो गरम पाणी, साबण आणि काथ्या यांनी खरवडून काढावा लागतो. मग कढई रिकामीच मोठ्या आचेवर ठेवायची आणि सांडशीने फिरवत राहायचे. राखाडी लोखंड आधी पिवळसर, मग जांभळट, मग निळे होत जाते. हा रंग बुडापासून कडेकडे सरकताना दिसतो आणि तो पाहण्यासारखा असतो. संपूर्ण कढई निळसर काळी झाली की ती जरा निवू द्यायची, जुन्या सुती कापडाने तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा, पुसूनही घ्यायचा, आणि पुन्हा धूर येईपर्यंत तापवायची. मी जवसाचे तेल वापरले, पण शेंगदाण्याच्या तेलानेही काम होते. गरम लोखंडावर तेलाच्या रेणूंची साखळी बनून एक कडक, काळसर थर तयार होतो. भांडे न चिकटण्याचे सगळे श्रेय त्या थराला असते. हे मी चार वेळा केले आणि शेवटी मूठभर कांद्याच्या पातीचे हिरवे देठ आणि आल्याची साले तेलावर काळी पडेपर्यंत परतून टाकून दिली. एकूण दीड तास लागला. घरात धूर होतो, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी त्या वेळी स्वयंपाकघरात थांबू नये.

पहिल्या दिवशी अंडे चिकटले. दुसऱ्या शनिवारीही थोडे चिकटले. तिसऱ्या शनिवारी मात्र जे घडले त्यासाठी मी हा अभिप्राय लिहायला बसले आहे. कढई मोठ्या बर्नरवर अडीच मिनिटे रिकामी तापवली. पाण्याचा थेंब टाकला तर तो फुर्रकन न उडता मोत्यासारखा गोल होऊन कढईत धावत सुटला. मग दीड चमचा तेल घालून ते कढई फिरवून सगळीकडे लावले आणि चिमूटभर मीठ घालून फेटलेली दोन अंडी एकदम ओतली. ओतताक्षणी अंड्याच्या कडा फसफसून वर आल्या, चांदीच्या झालरीसारख्या चुण्या पडल्या आणि मधला पिवळा भाग पुरीसारखा फुगला. झाऱ्याने तो एकदा उलटला, तोवर खालची बाजू तांबूस झाली होती. वीस सेकंदांत, मधला भाग अजून किंचित ओला असतानाच, अंडे बाहेर काढून ठेवले. कढईला एक कणही चिकटलेला नव्हता. मुलाने ताटलीतला तुकडा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाला, "हे गाडीवरचंच आहे."

यामागचे कारण सोपे आहे. अंड्याचा पांढरा भाग साठ अंशांच्या थोड्या वरच घट्ट होऊ लागतो आणि पिवळा त्याच्या मागोमाग. कढई कोमट असेल तर अंडे हळूहळू गोठते, त्यातले पाणी झिरपते आणि भुर्जी होते. कढई कडक तापलेली असेल तर त्याच पाण्याची क्षणात वाफ होते, ती अंड्याला आतून फुगवते आणि बाहेरची बाजू तेलात भाजून निघते. अंडी तीच, तेल तेच, खर्च तोच. फरक फक्त पहिल्या पाच सेकंदांतला आहे.

घरच्या गॅसची मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. गाडीवर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, जास्त दाबाचा रेग्युलेटर आणि आवाज करणारी भट्टी असते. तिच्यापुढे आपला बर्नर म्हणजे समईच. दक्षिण चीनमधले कँटोनीज लोक ज्या भाजक्या सुगंधाला 'वोक हेय', म्हणजे शब्दशः कढईचा श्वास, म्हणतात तो त्या ज्वाळेतून येतो. घरी तो पूर्ण मिळत नाही, पण बराचसा मिळू शकतो, आणि त्याची युक्ती मला कोपऱ्यावरच्या गाडीवाल्या दादांनीच सांगितली. मी त्यांना म्हटले की चौघांचा भात एकदम घातला की पाणी सुटते. त्यांनी हातातला झारा न थांबवता सांगितले, "काकू, मी एवढ्या भट्टीवरपण एका टायमाला दोनच प्लेट टाकतो. तुम्ही घरी एकच टाका. कढई धुऊ नका, पुसा आणि परत तापवा." या एका वाक्याने माझी कित्येक वर्षांची चूक सुधारली. आता मी एका वेळी एकच प्लेट करते. प्रत्येकीला भाजी घातल्यापासून चार मिनिटे लागतात. चिरलेले सगळे वाट्यांत तयार असेल तर तीन प्लेटी वीस मिनिटांत होतात. पहिली प्लेट खाणारा आणि तिसरी खाणारा एकत्र जेवायला बसू शकत नाहीत, ही तक्रार यजमानांनी नोंदवली आहे. तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही.

भाताविषयी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय हा अभिप्राय अपुरा राहील, कारण कढई कितीही चांगली असली तरी चुकीचा भात तिला हरवतो. इंद्रायणी आणि आंबेमोहोर हे आपले लाडके तांदूळ येथे चालत नाहीत. त्यांचा चिकटपणा हाच त्यांचा गुण आहे. जुना कोलम किंवा जुना बासमती घ्यावा, भरपूर पाण्यात उकळून शीत किंचित कच्चे असतानाच वेळून काढावे आणि परातीत पसरून पंख्याखाली निववावे. मग तो फ्रिजमध्ये ठेवावा. थंडाव्यात भातातल्या स्टार्चची पुन्हा घट्ट रचना होते, शीत कडक होते आणि परतताना मोडत नाही. आदल्या दिवशीचा भात वापरण्याचा सल्ला यातूनच आला आहे. पण आदल्या दिवशीचा म्हणजे ओट्यावर रात्रभर राहिलेला नव्हे. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवण्यातूनही वाचतात, आणि भात कोमट राहिला की वाढू लागतात. त्यांनी तयार केलेले विष भात पुन्हा परतला तरी नाहीसे होत नाही. त्यामुळे भात केल्यापासून तासाभरात फ्रिजमध्ये जायला हवा, आणि उन्हाळ्यात तर हे डोळ्यांत तेल घालून पाळले पाहिजे.

आता खर्चाचा हिशेब. गाडीवरची फुल प्लेट मी एकदा घरच्या वजनकाट्यावर मोजली. ती ४२० ग्रॅम भरली. तेवढ्याच वजनाच्या घरच्या प्लेटला १०० ग्रॅम तांदळाचे ७ रुपये, दोन अंड्यांचे १४, कोबी, गाजर, फरसबी आणि पातीचा कांदा यांचे मिळून ८, तेलाचे ४, सोया सॉस, व्हिनेगर आणि मिरीपूड यांचे ३ आणि गॅसचा दीड रुपया धरला, तर साडेसदतीस रुपये होतात. तीन प्लेटींचे ११३ रुपये, गाडीवर ३६०. कढई आणि झारा मिळून ११३० रुपये लागले होते, ते पाचव्या शनिवारी वसूल झाले. अंड्यांचा भाव मात्र स्थिर नसतो. १९८२ साली स्थापन झालेली नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी, जिला व्यापारात सगळे 'नेक' म्हणतात, ती विभागवार घाऊक भाव रोज जाहीर करते, आणि थंडीत मागणी वाढली की किरकोळ दुकानातही अंड्यामागे रुपया-दीड रुपया चढतो. तरीही घरची प्लेट चाळिशीच्या फार पुढे जात नाही. शिवाय तिच्यात दोन अंडी असतात. गाडीवरच्या प्लेटीत मी शोधशोधून एकाच अंड्याइतके तुकडे मोजले आहेत.

क्रम असा ठेवते. अंडे काढून ठेवल्यावर त्याच कढईत चमचाभर तेल, त्यावर बारीक चिरलेला लसूण, लगेच फरसबी आणि गाजर, अर्ध्या मिनिटाने कोबी, मग भात. भात पसरून दहा-पंधरा सेकंद न हलवता राहू द्यायचा, मग उलटायचा. सारखे ढवळत राहिले तर तो भाजला जात नाही. सोया सॉस भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवर गोल फिरवून घालायचा. तो तेथे चर्रकन जळतो आणि त्याचा करपट गोडसर वास खालच्या भातात उतरतो. मुलगी ज्याला "खरा वास" म्हणते तो हाच. शेवटी पांढरी मिरीपूड, अंडे, पात आणि गॅस बंद करून व्हिनेगरचे चार थेंब.

अजिनोमोटोविषयी नेहमी विचारणा होते म्हणून लिहिते. १९०८ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट हा चवीचा घटक वेगळा केला, आणि पुढच्याच वर्षी तो अजिनोमोटो या नावाने विक्रीला आला. टोमॅटोत आणि मुरवलेल्या चीजमध्ये तोच ग्लुटामेट नैसर्गिकरीत्या असतो. साध्या मिठात सुमारे ३९ टक्के सोडियम असते, यात सुमारे १२ टक्के. मी प्लेटीला दोन चिमटी घालते आणि मीठ तेवढेच कमी करते. ज्यांना ते नको असेल त्यांनी खुशाल वगळावे. कढई नीट तापलेली असेल तर त्यावाचून पदार्थ अडत नाही.

नूडल्सना ही कढई भातापेक्षा उशिरा सरावली. पहिले दोन महिने नूडल्स तळाला धरत होते. थर पुरेसा मुरल्यावर ती अडचण गेली, पण आजही नूडल्स उकळताना एक मिनिट कमी उकळणे, थंड पाण्याखाली धुणे आणि तेलाचा हात लावून ताटात पूर्ण कोरडे होऊ देणे यांत कसूर केली तर त्या लोळा होतात. हक्का हे नाव कोलकात्याच्या चिनी वस्तीतल्या हक्का समाजावरून आलेले आहे. टांगरा भागात त्यांचे चामड्याचे कारखाने होते आणि भारतात ज्याला आपण चायनीज म्हणतो त्याची मुळे बरीचशी त्याच वस्तीत आहेत. तेथून निघालेला पदार्थ आज तालुक्याच्या बसस्थानकाबाहेर लाल कापडी फलक लावलेल्या गाडीवर मिळतो, याचे मला कौतुक वाटते.

उरलेल्या नूडल्सचे अमेरिकन चॉप्सी मात्र या कढईने फार सोपे केले. गोल बुडामुळे तळणीला सपाट कढईच्या निम्मे तेल लागते. पावशेर तेलात नूडल्सची जाळी एकेक मूठ करून तळता येते. वर लाल गोड रस्सा आणि त्यावर, गाडीवर करतात तसे, एक पूर्ण तळलेले अंडे. हे अंडे याच कढईत, कडेने कुरकुरीत झालर असलेले आणि मधला बलक वाहता असे होते. तो बलक फुटून रस्स्यात मिसळला की दुसरी कोणतीही चव आठवत नाही. चौघांच्या चॉप्सीला मला १५० रुपयांच्या आत खर्च येतो.

रस्सा मात्र या कढईत करू नये, आणि हे मी किंमत मोजून शिकले. एग मंचुरियन केले होते. उकडलेल्या अंड्यांचे चार भाग करून कॉर्नफ्लॉवर आणि मैद्याच्या पिठात बुडवून तळले. ते उत्तम झाले. १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये नेल्सन वँग यांनी चिकन मंचुरियन पहिल्यांदा केले असे मानले जाते. आले, लसूण आणि हिरवी मिरची हा आपल्याच फोडणीचा पाया घेऊन गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घालायचे, ही त्यांची कल्पना अंड्यालाही तितकीच शोभते. पण व्हिनेगर आणि टोमॅटो सॉस घातलेला तो रस्सा मी कढईतच अर्धा तास झाकून ठेवला. उघडला तेव्हा त्याला लोखंडी तुरट चव आली होती, रंग काळवंडला होता आणि कढईच्या बुडाचा थर पांढुरका पडला होता. आंबट पदार्थ हा थर विरघळवतो. तेव्हापासून तळण आणि परतणे लोखंडी कढईत, रस्सा स्टीलच्या पातेल्यात, असा नियम केला आहे. भातावर शेवटी पडणारे चार थेंब व्हिनेगर चालते. मुरत ठेवणे चालत नाही.

शेजवान चटणी मी आता घरी करते, कारण बाजारातली बरणी दोन शनिवारांत संपते. वीस-पंचवीस बेडगी मिरच्या रंगासाठी, पाच-सहा लवंगी तिखटपणासाठी, दोन गड्डे लसूण, बोटभर आले आणि वाटीभर तेल एवढ्यात महिनाभराची चटणी होते. लाल रंग वेगळा घालावा लागत नाही. सेचवान प्रांताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या चटणीत त्या प्रांताची जिभेला मुंग्या आणणारी मिरी नसते. पण तिच्याच कुळातले तिरफळ आपल्याकडे आहे. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडते तेच. माझे माहेर मालवणचे, त्यामुळे तिरफळे घरात असतात. बिया काढून चार तिरफळांची टरफले चटणीच्या तेलात परतून पाहिली आणि एग शेजवान राईसला जी चव आली ती कोणत्याही गाडीवर मला मिळालेली नाही. हा प्रयोग करणाऱ्यांनी चारावर थांबावे. सहा घातली तर जीभ बधिर होते आणि अंड्याची चव लागत नाही.

आता कढईचे दोष. दांड्याची लाकडी मूठ चौथ्या महिन्यात सैल झाली. स्क्रू आवळला की पंधरा दिवस टिकते, पुन्हा फिरते. ९५० रुपयांच्या वस्तूत हे व्हायला नको होते. गोल बुडामुळे ती इंडक्शन शेगडीवर चालत नाही, आणि गॅसवरही बर्नरच्या जाळीचे टोक आखूड असेल तर डगमगते. मला वेगळे लोखंडी कडे घ्यावे लागले, त्याचे ६० रुपये वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. भरलेली कढई एका हाताने उचलून भात उडवणे माझ्या मनगटाला झेपत नाही, मी दोन हात लावते किंवा झाऱ्यानेच उलटते. ज्यांना सांधेदुखी आहे त्यांनी दोन कानांची कढई घ्यावी.

निगा हा सर्वांत मोठा प्रश्न आहे. जुलैमध्ये एकदा मी ओलसर कढई तशीच टांगली आणि सकाळी तिच्या आतल्या बाजूला नारिंगी गंज होता. दुसऱ्या वेळी कामाच्या मावशींनी ती तारेच्या घासणीने पांढरी होईपर्यंत लख्ख घासली. त्यांचा त्यात काहीच दोष नव्हता. काळे भांडे म्हणजे घाण भांडे, असे आयुष्यभर ऐकत आलेल्या माणसाला मी काहीच सांगितले नव्हते. पुन्हा तेल मुरवण्यात माझा एक रविवार गेला. आता कढई मी स्वतः धुते: गरम पाणी, नारळाची शेंडी, साबण अगदी लागलाच तर थोडा, मग गॅसवर ठेवून पूर्ण कोरडी करणे आणि तेलाचे बोट. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते चुकवून चालत नाही. ज्या घरात भांडी रात्रभर सिंकमध्ये राहतात त्या घराने ही कढई घेऊ नये, असे मी मैत्रिणींना सांगते.

सात महिन्यांनंतर तिचे बूड मिटलेल्या छत्रीसारखे काळेभोर आणि तुळतुळीत झाले आहे, आणि सकाळचे साधे ऑम्लेटही आता आम्ही तिच्यातच करतो. गाडी आम्ही सोडलेली नाही. महिन्यातून एकदा, भाज्या न चिरता चायनीज खावेसे वाटते तेव्हा दादांकडे जातो. जूनमध्ये मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला जाणार आहे आणि तिच्या खोलीत फक्त इंडक्शन आहे, म्हणून बोहरी आळीतल्या त्याच मालकांना मी सपाट बुडाची ११ इंची कढई आणून ठेवायला सांगितली आहे. तेल मुरवण्याचे काम मी येथेच करून देणार आहे, म्हणजे तिचे पहिले अंडे चिकटणार नाही.